एकास चोवीस

एकास चोवीस या प्रमाणात साडेपाच फुटांचा ड्रायव्हर सात सेंटिमीटरचा होतो, चाकाचा नट मोहरीएवढा होतो आणि हौद्याची सहा इंची फळी सहा मिलिमीटरच्या जरा वर भरते. फुटाला अर्धा इंच, इतका साधा हिशोब. कॅल्क्युलेटर जवळ ठेवला की लांबी, रुंदी, उंची या तिघींना चोवीसने मुकाट भाग जातो. रंगाला जात नाही. वजनाला जात नाही, धुळीला तर नाहीच नाही. ट्रकची मॉडेलं बनवण्याच्या छंदातली सगळी गंमत, आणि सगळी कटकटही, या भाग न जाणाऱ्या गोष्टींत आहे.

हा छंद सांगितला की लोक आधी मुलं केवढी आहेत ते विचारतात. मुलांसाठी नाही, माझ्यासाठीच, असं म्हटलं की थोडी शांतता पसरते आणि मग विषय हवापाण्याकडे वळतो. लोकांचा दोष नाही. पण या छंदाचा उगम खेळण्यात कमी आणि धंद्यात जास्त आहे. ब्रिटनच्या एअरफिक्सने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्लास्टिकची छोटी प्रतिकृती काढली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या उपयोगासाठी. अमेरिकेत एएमटीनेही मोटारविक्रेत्यांच्या टेबलावर ठेवायच्या गाड्यांपासूनच सुरुवात केली. त्या गाड्या एकास पंचवीस प्रमाणातल्या, म्हणून अमेरिकन ट्रकचे किट अजून एकास पंचवीसचेच. इटलीच्या इटालेरीचे स्कॅनिया, व्होल्वो, मर्सिडीज मात्र एकास चोवीसचे. फरक जेमतेम चार टक्क्यांचा, पण एकाची केबिन दुसऱ्याच्या चेसिसवर ठेवून पाहा. वधू-वरांची उंची न जुळलेल्या लग्नाच्या फोटोसारखं काहीतरी डोळ्यांना टोचत राहतं.

जपानची तर गोष्टच निराळी. तिथे तोएई कंपनीने १९७५ ते १९७९ या काळात ‘तोराक्कु यारो’ या मालिकेतले दहा सिनेमे काढले. नायक सुगावारा बुन्ता. पण खरा भाव खाऊन जायचा तो त्याचा दिव्यांनी, क्रोमने आणि चित्रांनी मढवलेला ट्रक. असल्या नटव्या ट्रकांना तिकडे देकोतोरा म्हणतात आणि आओशिमा कंपनी एकास बत्तीस प्रमाणात त्यांचे किट विकते. नटण्यामुरडण्यात आपला ट्रक या जपान्याला हार जाणारा नाही. तरी टाटाच्या त्या गोल नाकाच्या ट्रकचा चांगला किट माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही. सेंटी कंपनीचा मागे ओढून सोडायचा ‘पब्लिक ट्रक’ खेळण्यांच्या दुकानात मिळतो, आणि पुष्कळ छांदिष्ट तोच उघडून, घासून, पुन्हा रंगवून आपली हौस भागवतात. त्यांना माझा नमस्कार आहे. त्या खेळण्याचा तोंडवळा खरोखरच हुबेहूब आहे.

किट नाही, याला बाजार लहान हे एक कारण झालंच. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. आपला ट्रक कारखान्यातून पुरा होऊन कधी बाहेर पडतच नसे. कंपनी विकायची ती चेसिस आणि फार तर समोरचं नाक. केबिन नाही, हौदा नाही, बसायला धड सीट नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर अशा उघड्या चेसिसची रांग पुष्कळांनी पाहिली असेल. फळकुटावर बसलेला ड्रायव्हर, डोळ्यांना गॉगल, तोंडाला घट्ट गुंडाळलेला टॉवेल, आणि मागे नुसत्या दोन लोखंडी तुळया. ती चेसिस मालकाच्या गावाजवळच्या बॉडीबिल्डरकडे जायची आणि तिथे सुतार, लोहार, पेंटर मिळून तिचा ट्रक करायचे. एक मिस्त्री केबिनचं कपाळ पुढे काढणार, दुसरा सरळ ठेवणार. साच्यात ओतून हजारो काढाव्यात अशी ही वस्तूच नव्हे. म्हणून आपल्याकडे ट्रकचं मॉडेल करणाऱ्याने किटच्या खोक्याकडे पाहण्यापेक्षा हायवेच्या कडेच्या शेडकडे पाहावं. आपण कारखान्याचे कोणी नव्हे, त्या शेडमधल्या मिस्त्रीचे उमेदवार. कामाचा क्रमही त्याचाच: आधी चेसिस, मग लाकूड, मग पत्रा, आणि सगळ्यात शेवटी देव आणि अक्षरं.

चेसिसचं काम कंपनीच्या आकड्यांवर होतं. टाटाच्या नावात हे आकडे उघडउघड लिहिलेले असतात. १६१३/४२ घ्या: १६१३ म्हणजे सुमारे सोळा टन एकूण वजन आणि १३० च्या आसपास अश्वशक्ती. तिरप्या रेघेपुढचा ४२ म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, ४२२५ मिलिमीटर. चोवीसने भागलं की १७६. ही एक रेघ बरोबर आखली गेली की निम्मा ट्रक उभा राहिला. चाकं परदेशी किटमधली उसनी घेण्याचा मोह होतो, कारण नऊशे-वीस टायरची उंची एक मीटरच्या जवळपास, तेव्हा मापाला ती चालतात. पण तिकडच्या ट्यूबलेस चाकाचा चेहरा वेगळा आणि आपल्या जुन्या, लॉक रिंग बसवलेल्या चाकाचा वेगळा. टायर उसना घ्यावा, डिस्क स्वतः करावी. नाकावरचं चिन्हही जपून. डायमलर-बेंझशी टाटांचा करार १९५४ चा, तो संपला १९६९ ला. त्याआधीचा ट्रक करत असाल तर गोलात तीन टोकांचा तारा, नंतरचा असेल तर ‘टी’. एवढ्याशा ठिपक्याने मॉडेलचं वय ठरतं.

चेसिसच्या वरचं मात्र कुठल्याच कागदावर नसतं. ते टेप घेऊन मोजावं लागतं. सांगलीकडच्या एका शेडमध्ये मी हौद्याच्या खुंट्यांमधलं अंतर वहीत उतरवून घेत होते, तेव्हा मिस्त्री बराच वेळ लांबून पाहत राहिले आणि मग जवळ आले.

“ताई, इम्याकडनं आलाय काय?”

नाही म्हटलं. असाच एवढासा करणार आहे, म्हणून हातांनी आकार दाखवला.

“आणि त्यात काय भरणार?”

या प्रश्नाची मला मोठी मौज वाटली. मॉडेल पाहणारे नेहमी दरवाजे उघडतात का ते विचारतात. मिस्त्रींनी माल विचारला, कारण मालावरून हौदा ठरतो. वाळूला फाळका वेगळा, उसाला वेगळा. ऊस म्हटल्यावर त्यांनी मला बाजूचे पाखे किती उंच घ्यायचे आणि मोळ्या फळीच्या बाहेर केवढ्या काढायच्या, हे हाताच्या वितीने दाखवलं. ती वीतही मी टेपने मोजून घेतली.

आता लाकूड. लाकडाचा हौदा लाकडाचाच करावा असं कुणालाही वाटेल, आणि इथेच एकास चोवीस आपला पहिला खोडसाळपणा करतं. खऱ्या लाकडाच्या रेषा लहान होत नाहीत. सहा मिलिमीटरची फळी सागाच्या पातळ पट्टीतून कापली तर तिच्यावरच्या रेषा अशा दिसतात, जणू ते झाड चोवीस पट मोठं होतं. खरं लाकूड खोटं दिसतं. त्यापेक्षा पांढऱ्या पॉलिस्टायरिनची पट्टी घ्यावी, खरखरीत पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने एकदाच ओढावा, कडा सुरीने किंचित खाव्यात आणि वर तपकिरी, मग राखाडी, मग पुन्हा तपकिरी असा रंग पातळ करून फिरवावा. प्लास्टिकचं लाकूड लाकडापेक्षा लाकडी दिसतं. पत्र्याचं दुखणं उलटं. एक मिलिमीटरचा मडगार्ड भागून ०.०४ मिलिमीटर येतो. तेवढं पातळ प्लास्टिक हातात धरता येत नाही. अर्ध्या मिलिमीटरची शीट वापरावी, तर हिशोबाने तो बारा मिलिमीटरचा पत्रा झाला, म्हणजे रणगाडाच. तोडगा असा की सगळा मडगार्ड जाडच ठेवायचा आणि फक्त बघणाऱ्याला दिसणारी कड आतून तासून धारेवर आणायची. फूटभर अंतरावरून, म्हणजे तीस सेंटिमीटरवरून, मॉडेल पाहणं म्हणजे खरा ट्रक सात मीटरवरून पाहणं. सात मीटरवरून जे दिसत नाही ते करत बसू नये, हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवण्याच्या लायकीचा मानते. पाळत मात्र कुणीच नाही. इंजिनाखाली कुणाला कधीही न दिसणारी डिझेलची नळी बसवण्याचं सुख वेगळंच असतं.

वजनाचा हिशोब मला सगळ्यात आवडतो. लांबी चोवीस पट कमी झाली की घनफळ चोवीसच्या घनाने, म्हणजे १३,८२४ पटींनी कमी होतं. सोळा टनांचा भरलेला ट्रक या न्यायाने सव्वा किलोच्या थोडा आतच हवा. प्लास्टिकचा ट्रक तेवढा भरत नाही, आणि भरला तरी उपयोग नाही. कारण वजन दिसतं ते तराजूत नव्हे, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये. रिकाम्या ट्रकचे पाटे कमानीसारखे वाकलेले असतात. भरल्यावर ते जवळजवळ सरळ होतात, टायरचं पोट जमिनीलगत बाहेर येतं, आणि उसाचा ट्रक तर बहुतेक वेळा एका अंगाला किंचित झुकलेला असतो. हे सगळं हाताने करावं लागतं. पाटे एकेक पट्टी चिकटवून सरळ बांधायचे, टायरचा तळ घासून सपाट करायचा, त्याच्या वर दोन्ही बाजूंना पुट्टीने थोडा फुगवटा द्यायचा आणि डाव्या पाट्यांची जाडी उजव्यांपेक्षा केसभर कमी ठेवायची. परदेशी प्रदर्शनांच्या फोटोंतले उत्तमोत्तम ट्रक मला अनेकदा हवेत तरंगल्यासारखे वाटतात, ते यामुळेच. रंग निर्दोष, पण ट्रकच्या पाठीवर ओझं नाही.

उसाला मी खराट्याचे हीर वापरते. एक इंच जाडीचा ऊस भागून एक मिलिमीटरचा होतो आणि हिराची जाडी नेमकी तेवढी असते. पेरं दाखवायला बोथट सुरीने हलकी फेरी मारायची. सगळे हीर एकाच लांबीचे कापले की मोळी झाडूच्या दुकानातली दिसते, म्हणून तोडणाऱ्याच्या कोयत्याइतकी बेफिकिरी हाताला शिकवावी लागते.

रंगाकडे येते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या ट्रकचा रंग सांगितलेला होता: सुकलेल्या पानाचा तपकिरी, कडेने जाड पांढरे पट्टे, आणि दोन्ही बाजूंना साठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात ‘नॅशनल परमिट’ ही अक्षरं. वर्तुळ माझ्याकडे अडीच सेंटिमीटरचं होतं, ते सोपं. पण पान कुठलं? सरकारने ते सांगितलं नाही हे उत्तम झालं. प्रत्येक पेंटरने आपल्या दारातल्या झाडाचं पान धरलं आणि देशभर विटकरीपासून शेंदरी पिवळ्यापर्यंत ट्रक धावले. त्यामुळे रंगाच्या बाबतीत कुणी मला चूक काढून दाखवू शकत नाही. एवढं मात्र पाहायचं की डब्यातला रंग जसाच्या तसा लावला तर छोट्या वस्तूवर तो गडद वाटतो. लांबच्या गोष्टी हवेमुळे फिक्या दिसतात आणि मॉडेल ही कायमच लांबून पाहिलेली गोष्ट असते. म्हणून थोडा पांढरा मिसळायचा आणि चकाकी घालवायची.

छंदाच्या पुस्तकांत एअरब्रशचं फार कौतुक असतं. कॉम्प्रेसर, ०.३ मिलिमीटरची सुई, धुक्यासारखा थर. केबिनचा पत्रा आणि चेसिस यांना ते योग्यच आहे. पावसाळ्यात तेवढं जपावं, दमट हवेत लॅकर पांढरट पडतो. पण हौद्याला एअरब्रश लावणं म्हणजे खोटेपणा, हे माझं ठाम मत. खरा हौदा ब्रशने रंगवलेला असतो, आणि एकदा नव्हे. पासिंगला गाडी लावायची म्हटली की आदल्या दिवशी पाण्याचा एक फवारा मारून, कोपऱ्यांतला चिखल तसाच ठेवून, त्याच्यावरून ऑइलपेंट ओढला जातो. गाडी जुनी झाली की फिटनेस दरवर्षी, म्हणजे रंगही दरवर्षी. पाचसहा वर्षांत बोल्टांची डोकी गोल होतात, फळ्यांमधल्या फटी भरत येतात, कुठे ओघळ वाळून राहतात. हे सगळं फवाऱ्याने कसं येणार? मी नटांभोवती मुद्दाम मातीचा रंग आधी लावते आणि त्यावरून साध्या इनॅमलचे थर ब्रशने देते, घाईघाईने, पासिंगच्या आदल्या संध्याकाळच्या घाईने.

अक्षरांना मात्र घाई चालत नाही. ट्रिपल झीरोच्या ब्रशने तीन मिलिमीटर उंचीची देवनागरी काढायची. खरे पेंटर मनगटाखाली काठी धरतात तशी मी बांबूची काडी धरते. ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं, इनॅमल वळणावर वेळ देतं. ‘आईचा आशीर्वाद’ निभावतो. जोडाक्षरं मालकाच्या नावात निघाली की घाम फुटतो. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं की नाही, हा पुन्हा वयाचा प्रश्न. महाराष्ट्रात परिवहन खात्याने २०१५ साली त्याला मनाई केली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. माझा ट्रक त्याच्या आधीचा आहे, तेव्हा लिहिलं. नंतरचा असता तरी, हायवेवर जे दिसतं ते पाहता, लिहिलं असतं.

शेवटी मळ. या विद्येचे मोठे उस्ताद रणगाडे बनवणारे. गंज, ओरखडे, चिखल यांच्या त्यांच्या युक्त्या अफाट आहेत. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, वर दुसरा रंग द्यायचा आणि ओल्या ब्रशने खरवडायचं, की रंग खऱ्यासारखा उडतो. पण त्यांचा रणगाडा टाकून दिलेला असतो आणि आपला ट्रक कुणाचं तरी पोट असतो. त्याला दसऱ्याला झेंडूचा हार पडतो, बंपरला काळा गोंडा असतो, आरसा रोज पुसला जातो. म्हणून मळ टाकताना आधी माणसं कुठे हात लावतात ते पाहावं. उजव्या दरवाज्याच्या काचेखाली ड्रायव्हरचं कोपर घासून रंग उडतो आणि तिथे खालचा प्रायमर तुळतुळीत होतो. क्लीनरच्या बाजूची पायरी मधोमध चमकते, कडेला काळी राहते. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली एक गडद ओघळ, त्याच्यावर धूळ जास्त बसलेली. काचेवर वायपरचे अर्धगोल. धुळीचा रंगही गावाप्रमाणे: चिऱ्याच्या खाणीवरचा ट्रक पोटापर्यंत तांबडा, सोलापूरकडचा काळपट राखाडी. सांगलीची एमएच-१० ची पाटी लावून रत्नागिरीची माती फासली तर हरकत नाही. फक्त तो ट्रक तिकडे कशाला गेला होता, याचं उत्तर मॉडेल करणाऱ्याकडे पाहिजे.

आता तयार केबिनचे ट्रक येतात. एकसारखे, बंद काचांचे, आतून गार. ड्रायव्हरच्या दृष्टीने हे फार चांगलं झालं. त्या गोल नाकाच्या ट्रकचं इंजिन जवळजवळ त्याच्या मांडीला लागून तापायचं. जुने ट्रक भंगारात जाणारच, त्यावर गळा काढायचं कारण नाही. माझी मागणी छोटी आहे. तुमच्या गावात कुठे शेताच्या बांधाला, गॅरेजमागे असा लाकडी हौद्याचा ट्रक उभा असेल, तर एक टेप आणि वही घेऊन जा. समोरून फोटो सगळेच काढतात. तुम्ही खाली वाका आणि पाट्यांचा, आसाचा, हौद्याखालच्या आडव्या लाकडांचा फोटो काढा, प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी येऊ द्या. खुंट्यांमधली अंतरं, फाळक्याची उंची, फळ्यांची संख्या लिहून घ्या. पेंटरने कोपऱ्यात आपलं नाव टाकलं असेल तर तेही उतरवा. आणि आधी मालकाला विचारा, नाहीतर तुम्हालाही कोणी इम्याच्या कंपनीचं समजेल.